गच्ची, गॅलरी आणि क्लबहाऊस : सामायिक जागेच्या तीन संहितांचे वाचन

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील नागरी जीवनाचे चित्रण करणाऱ्या साहित्यात घर हा विषय वारंवार येतो. खोलीची अडचण, भाड्याची चणचण, पागडी, ब्लॉकचे स्वप्न, हप्त्यांचे ओझे अशा अनेक अंगांनी घराची चर्चा समीक्षेत झालेली आहे. मात्र घराच्या उंबऱ्याबाहेरची, परंतु इमारतीच्या आवारातली जी जागा असते, तिचा स्वतंत्र विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो. जिना, सज्जा, गच्ची, नळकोंडाळे, आवार या जागा कोणा एकाच्या नसतात आणि रस्त्याप्रमाणे सर्वांच्याही नसतात. अशा जागेला मराठीत ‘सामायिक’ असा एक नेमका शब्द आहे. प्रस्तुत लेखात या सामायिक जागेविषयीच्या तीन निरनिराळ्या संहिता शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. पहिली संहिता ललित साहित्याची : पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) आणि त्या अनुषंगाने काही अन्य कृती. दुसरी कायद्याची : महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० आणि स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच लोकांच्या तोंडचा ‘रेरा’. तिसरी संहिता गृहसंकुलांच्या जाहिरातींत व माहितीपुस्तिकांत येणारी ‘ॲमेनिटीज’ची यादी. जाहिरातीला साहित्यकृतीच्या पंक्तीस का बसवावे, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु आज मराठी मध्यमवर्गाच्या घराविषयीच्या कल्पना घडविण्यात या यादीचा वाटा कोणत्याही कादंबरीपेक्षा मोठा आहे, आणि जी संहिता इतकी वाचली जाते तिची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

‘सामायिक’ या शब्दाविषयी

प्रथम शब्दाचा विचार करू. सामायिक हा शब्द आपल्याकडे मुख्यतः शेतीच्या व्यवहारातून रुळला. सामायिक विहीर, सामायिक बांध, सामायिक भिंत, सामायिक खाते हे शब्दप्रयोग सातबारा आणि खरेदीखते वाचणाऱ्यास परिचित आहेत. या सामायिकतेत प्रेम गृहीत नाही. दोन भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नसले तरी विहीर सामायिक राहते आणि पाण्याची पाळी ठरलेली असते. पाळी चुकली की भांडण होते, पंच बसतात, पुन्हा पाळी ठरते. म्हणजे सामायिक जागा ही वाटणी, पाळी आणि तंटा या तीन गोष्टींसह येणारी जागा होय. ‘सार्वजनिक’ हा शब्द याहून वेगळा. पुण्याच्या सार्वजनिक सभेपासून (१८७०) तो मराठीत एका व्यापक, अनोळखी समुदायाचा बोध करून देतो. चाळीचे वैशिष्ट्य असे की तेथे सामायिक जागेतून सार्वजनिक जीवन जन्माला आले. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो आहे. चाळीच्या आवारात बसलेला गणपती ‘सार्वजनिक’ म्हटला जातो, यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. परंतु हा अर्थविस्तार लक्षणीय आहे.

जाहिरातीच्या संहितेत ‘सामायिक’ हा शब्द जवळजवळ आढळत नाही. तेथे ‘ॲमेनिटीज’ हा शब्द आहे तसाच घेतला जातो, आणि मराठी करावयाचेच झाले तर ‘सोयीसुविधा’ असे केले जाते. हा बदल केवळ भाषांतराचा नाही. सामायिक वस्तूत माझा हिस्सा असतो. सुविधा मात्र मला कोणीतरी पुरवतो. पहिल्या शब्दात मी हिस्सेदार आहे, दुसऱ्यात ग्राहक. पुढील सर्व विवेचनाचा आधार हा एवढाच भेद आहे.

गच्चीची मागणी

‘बटाट्याची चाळ’मधील ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे प्रकरण आजवर मुख्यतः विडंबन म्हणून वाचले गेले. ते स्वाभाविक आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना १९५६ मधली, पुस्तक १९५८ मधले. मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीची घोषणा घराघरांत दुमदुमत असताना चाळकऱ्यांनी मालकाकडे गच्ची मागावी आणि त्या मागणीला आंदोलनाची सर्व भाषा, सर्व आविर्भाव लाभावेत, यातील विनोद वाचकाला तत्काळ भिडतो. मोठा शब्द आणि लहान वस्तू यांच्यातील अंतर हे या विनोदाचे मर्म आहे.

पण ती वस्तू खरोखरच लहान आहे काय? हा प्रश्न त्या काळच्या वाचकाला पडण्याचे कारण नव्हते. आज, साठ-पासष्ट वर्षांनंतर, तो विचारला पाहिजे. एका खोलीत पाच-सात माणसे राहत असताना गच्ची म्हणजे उन्हाळ्यात झोपण्याची जागा, पापड-कुरडयांच्या वाळवणाची जागा, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाची जागा, नवपरिणितांना दोन शब्द बोलण्याची जागा. मालकाच्या दृष्टीने मात्र गच्ची हे इमारतीचे छप्पर आहे आणि भाडेकरूचा हक्क त्याच्या खोलीच्या चार भिंतींत संपतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठले, खोली सुरक्षित झाली. गच्चीबद्दल भाडेकरूच्या हाती मागणीशिवाय काही नव्हते. म्हणजे पु.लं.च्या चाळकऱ्यांनी केलेली मागणी हास्यास्पद वाटली तरी ती एका खऱ्या पोकळीकडे बोट दाखवते. सामायिक जागेवर राहणाऱ्याचा हक्क असतो की मालकाची मर्जी, हा तो प्रश्न.

येथे पु.लं.च्या दृष्टीची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्यांची चाळ ही प्राधान्याने पांढरपेशांची चाळ आहे. तेथे भांडणे आहेत, हेवेदावे आहेत, पण गच्चीवर कोणी यावे आणि कोणी येऊ नये हा प्रश्न उपस्थित होत नाही, कारण ज्यांच्याबाबत तो उपस्थित झाला असता ती माणसे चाळीत राहायलाच नाहीत. पुस्तकाच्या अखेरच्या चिंतनात जो हळवा सूर लागतो, त्याची मोहिनी मराठी वाचकावर एवढी मोठी आहे की चाळ म्हणजे आपुलकी हे समीकरण पुढे जवळजवळ निर्विवाद होऊन बसले. दूरचित्रवाणी मालिकांनी त्याची आणखी स्वस्त प्रत काढली.

हे समीकरण तपासण्यासाठी दुसऱ्या बाजूचे साहित्य वाचावे लागते. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथासंग्रहातील शीर्षककथेत निवाऱ्याची गरज आणि जात लपवणे या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. छप्पर मिळते ते ओळख झाकून, आणि ओळख उघडी पडताच छपरासोबत सर्व स्नेहही जातो. पु.लं.ची गच्ची आणि बागुलांचे हे छप्पर एकाच दशकाच्या आगेमागे लिहिले गेले, हे अभ्यासकाने विसरू नये. प्रत्यक्ष इतिहासही हेच सांगतो. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि नंतर १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळींत सर्व जातींचे कामगार राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या अशाच एका चाळीत दीर्घकाळ राहिले. परंतु वरळीच्या बीडीडी चाळींतच जानेवारी १९७४ मध्ये दंगल पेटली आणि ती जातीच्या रेषेवर पेटली. एक आवार, एक नळ, एक जिना असूनही. सामायिक जागा माणसांना एकत्र आणते हे खरे. ती त्यांना समान करते, असे मात्र म्हणता येत नाही.

सई परांजपे यांच्या ‘कथा’ (१९८३) या हिंदी चित्रपटाचा उल्लेख या संदर्भात आवश्यक वाटतो, कारण तो एस. जी. साठ्ये यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर आधारलेला आहे आणि त्यात गॅलरी हे जवळजवळ एक पात्र आहे. कोण केव्हा आला, कोणाच्या घरी काय शिजले, कोणाची मुलगी कोणाशी बोलली हे सर्व गॅलरीला ठाऊक असते. तरीही हीच गॅलरी बाहेरून आलेल्या एका गोडबोल्या थापाड्याला भुलते आणि रोज डोळ्यांसमोर असलेल्या सज्जन माणसाची किंमत तिला कळत नाही. चाळीच्या सर्वज्ञतेवर याहून मार्मिक भाष्य क्वचितच झाले असेल. शिवाय ही सर्वज्ञता स्त्रियांवर पहारा म्हणून किती पडते, हेही चित्रपट हसत हसत दाखवून जातो. जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) पाहिले की चित्र आणखी बदलते. १९८२ च्या गिरणी संपानंतरचे हे नाटक एका खोलीत घडते आणि बाहेरची चाळ त्या खोलीला सावरू शकत नाही. रोजगार गेल्यावर आपुलकीला किती काळ तग धरता येतो, हा त्या नाटकाचा प्रश्न गॅलरीच्या गोडव्याने सुटत नाही.

बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. प्रत्येक मजल्यावर सामायिक शौचालये. पहाटेची रांग, रात्री-अपरात्री स्त्रियांना आणि आजाऱ्यांना होणारा त्रास, पावसाळ्यात गळणारे छत हे ज्यांनी भोगले त्यांना स्वतंत्र संडास-न्हाणीघर असलेली सदनिका म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. ‘सेल्फ-कंटेन्ड’ हा त्या काळातला शब्द आज विस्मरणात गेला, पण त्या एका शब्दात एका पिढीची प्रतिष्ठेची कल्पना सामावलेली होती. तेव्हा चाळीच्या सामायिकतेचे गोडवे गाताना संडास सामायिक असणे आणि सज्जा सामायिक असणे यांत फरक केला पाहिजे. पहिली सामायिकता लादलेली, दुसरी हवीहवीशी. मराठी स्मरणरंजनपर लेखनात हा फरक बहुधा पुसला जातो, आणि तो पुसणारे लेखक बहुधा पुरुष असतात, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

कायद्याची यादी

आता दुसऱ्या संहितेकडे वळू. साहित्याच्या अभ्यासकाने कायदा वाचू नये असा काही दंडक नाही. उलट कायद्याची रूक्ष भाषा कधी कधी ललित लेखनाहून अधिक काही सांगून जाते.

१९७० च्या अपार्टमेंट कायद्यात सामायिक क्षेत्रे व सुविधांची व्याख्या दिलेली आहे. त्या व्याख्येत जमीन येते. पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छप्पर, दालने, मार्गिका, जिने, प्रवेश व निर्गमाचे मार्ग येतात. तळघरे, आवार, बागा, वाहने उभी करण्याच्या जागा, साठवणीच्या जागा येतात. पाणी, वीज, पंप, टाक्या, लिफ्ट येतात. आणि या सर्वांच्या मध्ये, कोणताही गाजावाजा न करता, आणखी एक बाब येते : इमारतीच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या माणसांच्या निवासाची जागा. पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी आलेल्या २०१६ च्या अधिनियमातही ही बाब कायम आहे. तेथे पहारेकऱ्यांच्या निवासव्यवस्थेचा उल्लेख तर स्पष्ट शब्दांत आहे.

ही नोंद प्रस्तुत लेखकाला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. कायद्याने ‘सामायिक’ या संकल्पनेत केवळ मालकांना एकत्र आणले नाही. मालक नसलेल्या, पण इमारत ज्याच्या श्रमावर चालते त्या माणसाच्या राहण्याची जागाही गच्ची आणि जिन्याच्या पंक्तीस बसवली. पु.लं.च्या चाळकऱ्यांची गच्ची येथे छप्पर म्हणून यादीत आली. गच्ची मागण्याची पाळी आता येऊ नये, कारण ती कायद्यानेच सर्वांची झाली आहे. ही क्षेत्रे अविभाजित राहतील, त्यांची वाटणी मागता येणार नाही, असेही १९७० च्या कायद्यात म्हटले आहे. सामायिक विहिरीचा जुना न्याय येथे नव्या भाषेत आलेला दिसतो.

व्यवहारात काय झाले ते सर्वज्ञात आहे. वरच्या मजल्यावरील सदनिका ‘टेरेससह’ विकल्या गेल्या. खांबांवरील मोकळा तळमजला वाहनतळ म्हणून स्वतंत्रपणे विकला गेला. अखेर ऑगस्ट २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात मोफा कायद्याच्या (१९६३) आधारे निर्णय दिला की खांबांखालील वा उघडी वाहनतळाची जागा ही सामायिक क्षेत्राचा भाग आहे आणि विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. ज्या जागेची किंमत एकदा सर्वांनी मिळून मोजली होती, तीच पुन्हा एकेकाला विकली जात होती, असा या वादाचा अर्थ. ‘सुपर बिल्ट-अप’ या मोजमापाची कथाही अशीच. जिना, लिफ्ट, प्रवेशदालन, क्लबहाऊस यांचे क्षेत्र सदनिकेच्या क्षेत्रात मिसळून दर चौरस फुटाच्या भावाने विकण्याची ती रीत होती. २०१६ च्या अधिनियमाने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित करून विक्रीस तोच आधार दिला, तेव्हा या मिश्रणाला आळा बसला. सुविधांची किंमत मात्र भावात राहिलीच, ती कोठे जाणार?

खर्चाच्या वाटणीतही एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे, त्याकडे क्वचित लक्ष दिले जाते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे असते, मग सदनिका एका खोलीची असो वा चार. १९७० च्या कायद्याखालील अपार्टमेंटमध्ये मात्र सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभाजित हिश्शाच्या प्रमाणात वाटला जातो. पहिल्या पद्धतीमागील विचार असा की जिना, पहारा, दिवे यांचा उपयोग माणूस म्हणून सारखाच होतो. दुसऱ्या पद्धतीमागील विचार मालमत्तेच्या आकाराचा आहे. दोन्हींच्या बाजूने युक्तिवाद करता येतो. पण क्लबहाऊस आणि तरणतलाव आले की सारखेपणाचा न्याय अडचणीत येतो. एक शयनगृहाची सदनिका कर्ज काढून घेतलेल्या निवृत्त शिक्षकाला, तो कधीही न उतरणाऱ्या तलावाच्या पाण्याचा आणि जीवरक्षकाच्या पगाराचा भार चार शयनगृहांच्या मालकाइतकाच सोसावा लागतो. प्रमाणाच्या न्यायात भार कमी होतो, परंतु मग मोठ्या हिश्शाचा मालक सभेत मोठ्या आवाजात बोलू लागतो. सुविधा जितकी महाग, तितका हा तिढा घट्ट.

जाहिरातीची यादी

तिसऱ्या संहितेचे काही रचनाविशेष पाहू. गृहसंकुलाच्या माहितीपुस्तिकेत सुविधांची यादी हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच बनला आहे. तिचे पहिले वैशिष्ट्य संख्या. ‘तीसहून अधिक’, ‘चाळीसहून अधिक’, असे आकडे शीर्षस्थानी असतात. संख्या भरण्यासाठी एका बागेचे पाच तुकडे होतात : योगा डेक, रिफ्लेक्सॉलॉजी पाथ, सेन्सरी गार्डन, पार्टी लॉन, मेडिटेशन झोन. झाड एकच, त्याखाली बसण्याची कारणे पाच. दुसरे वैशिष्ट्य नामांची रेलचेल आणि क्रियापदांचा अभाव. या यादीत कोणी काही करत नाही. कपडे वाळत नाहीत, मूल रडत नाही, कोणी कोणाची वाट पाहत नाही. तिसरे वैशिष्ट्य चित्रांतील माणसे. ती नेहमी चार असतात : तरुण पती-पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. फार तर पांढऱ्या केसांचे, पण निरोगी असे एक जोडपे. घरकाम करणारी बाई, पहारेकरी, गाडी धुणारा मुलगा चित्रात नसतो.

आणि म्हणूनच यादीतही नसतो. कायद्याच्या दोन्ही संहितांत असलेली ती एक बाब, व्यवस्थेवरील माणसांच्या निवासाची, जाहिरातीच्या यादीत शोधून सापडत नाही. पहारेकऱ्याचा उल्लेख येतो तो ‘त्रिस्तरीय सुरक्षा’ या शीर्षकाखाली, म्हणजे माणूस म्हणून नव्हे तर सुविधा म्हणून. कॅमेरा आणि तो एकाच ओळीत असतात. बारा तास उभा राहणारा हा माणूस कोठे बसतो, कोठे जेवतो, त्याच्यासाठी शौचालय आहे काय, या प्रश्नांना पुस्तिकेत जागा नाही. प्रस्तुत लेखक राहतो त्या उपनगरी संकुलात दोन घरांतील कामांमध्ये मिळालेल्या अर्ध्या तासात कामवाल्या मावशी बागेच्या बाकावर बसत. एका सर्वसाधारण सभेत त्यावर आक्षेप आला आणि पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये सूचना लागली. सूचनेची भाषा अत्यंत सभ्य होती. आता मावशी जिन्याच्या पायरीवर बसतात, आणि लिफ्ट असल्यामुळे जिन्याने कोणी जात नसल्याने कोणाचा आक्षेपही नाही. अशा सूचना अनेक संकुलांत आढळतात. बागुलांच्या कथेतील प्रश्न संपला नाही, त्याने फक्त टंकलिखित रूप घेतले.

यादीतील ‘ज्येष्ठ नागरिक कट्टा’ या नोंदीवर थोडे थांबावेसे वाटते. कट्टा हा शब्द मराठीने जपलेला आहे. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा म्हणजे मैदानाची हद्द दाखवणारी ठेंगणी भिंत. तिच्यावर पिढ्यान् पिढ्या लोक बसले आणि ती कट्टा झाली. कट्टा बांधता येत नाही. भिंत बांधता येते, पायरी बांधता येते, लोक बसले की तिचा कट्टा होतो. त्यावर बसण्यास वयाची अट नसते आणि वेळेचा फलक नसतो. माहितीपुस्तिकेतील कट्टा मात्र केवळ ज्येष्ठांसाठी आहे. मुलांसाठी वेगळी जागा, तरुणांसाठी वेगळी, कुत्र्यांसाठी वेगळी. नातवंड आणि आजोबा एका ठिकाणी बसण्याची शक्यता आराखड्यानेच संपवली आहे.

चार्ल्स कोरिया यांनी ‘द न्यू लँडस्केप’ (१९८५) या ग्रंथात भारतीय वस्तीतील जागांची एक उतरंड मांडली आहे. घरातील खाजगी जागा, मग उंबऱ्याजवळची शेजारसंबंधाची जागा, मग पाण्याच्या नळासारखी वस्तीची भेटण्याची जागा, आणि शेवटी गावाचे मैदान. नवी मुंबईतील बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये त्यांनी हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. सात घरे आणि मध्ये सुमारे आठ मीटर बाय आठ मीटरचा चौक, अशा गटांनी ही वस्ती रचली आहे. मालकांनी पुढे घरे पुष्कळ बदलली, मजले चढवले, काही पाडून नव्याने बांधली. चौक मात्र चौक राहिले. या उतरंडीच्या कसोटीवर आजचे संकुल तपासले तर असे दिसते की पहिली आणि शेवटची पायरी भरपूर सजवली आहे व मधल्या दोन गाळल्या आहेत. सदनिका आहे आणि क्लबहाऊस आहे. सदनिकेचे दार उघडले की लिफ्टसमोरची अरुंद, बिनखिडकीची मार्गिका आहे, जेथे दोन मिनिटे उभे राहून बोलावे असे काही नाही. शेजाऱ्याशी भेट व्हायची तर खाली जाऊन, नोंदणी करून, ठरल्या वेळी व्हायची. चाळीची गॅलरी ही उंबऱ्याजवळची जागा होती. तिच्यात भेट ठरवावी लागत नव्हती. दळण आणायला निघालेला माणूस आपोआप भेटत होता.

तेव्हा इष्ट सुविधा कोणती, याचे उत्तर प्रस्तुत लेखक असे देईल की जेथे जाण्यास नोंदणी लागत नाही आणि जेथे माणूस रोजच्या कामाने जातो ती. प्रत्येक मजल्यावर थोडा उजेड, थोडा वारा आणि एक बाक असलेली रुंद मार्गिका. कपडे आणि वाळवण घालण्यास उघडी गच्ची. आज बहुतेक संकुलांत बाल्कनीत कपडे वाळत घालण्यास मनाई असते आणि गच्चीला कुलूप असते. कुलपाची कारणे सुरक्षितता, गळती, सौर पाणीतापक अशी सांगितली जातात, ती अगदीच खोटी नाहीत. पण भाडे येते म्हणून त्याच गच्चीवर मोबाइल मनोरा उभारण्यास अनेक सभांची हरकत नसते. पाळणाघर ही अशीच एक दुर्लक्षित सोय. पती-पत्नी दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबांना विकल्या जाणाऱ्या संकुलांत मिनी थिएटर जितक्या सहज आढळते तितक्या सहज पाळणाघर आढळत नाही. पाण्याचे तर बोलावयासच नको. पुण्याच्या वाढत्या उपनगरांत उन्हाळ्यात टँकर रांगेने उभे असतात, आणि टँकरच्या वाटेवरच तरणतलावाचा निळा फलक असतो. पुरेशी साठवण, पावसाचे पाणी मुरवण्याची चांगली व्यवस्था, सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे चालू यंत्र यांचे छायाचित्र सुंदर येत नाही, एवढाच त्यांचा दोष.

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की ग्राहकाला तरणतलावच हवा असतो, बाक नको असतो, आणि बाजार मागणीप्रमाणे पुरवठा करतो. त्यात तथ्य आहे. मात्र मागणीही संहितेतून घडते. गच्ची मागणाऱ्या चाळकऱ्यांना आपल्याला काय हवे हे रोजच्या वापरातून कळले होते, म्हणून त्यांनी एकच गोष्ट मागितली. माहितीपुस्तिका वाचणारा मनुष्य अद्याप तेथे राहिलेलाच नसतो. न जगलेल्या आयुष्याच्या यादीवर तो खुणा करतो, आणि राहायला आल्यावर मासिक देयकाच्या रूपाने त्या खुणा त्याच्यापुढे येतात.

बीडीडीच्या निमित्ताने

हा सर्व विचार केवळ वाचनाच्या पातळीवर राहू नये असे एक उदाहरण आज डोळ्यांसमोर घडत आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून बीडीडीच्या २०७ चाळी होत्या. शिवडीच्या १२ चाळींची जमीन बंदराच्या मालकीची असल्याने त्यांचा प्रश्न वेगळा राहिला. उरलेल्या तीन ठिकाणी म्हाडामार्फत पुनर्विकास सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ सदनिकांच्या चाव्या रहिवाशांना देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या, स्वतंत्र शौचालय असलेल्या घरात जाणे, आणि तेही विनामूल्य, ही शंभर वर्षांच्या प्रतीक्षेनंतरची न्याय्य गोष्ट आहे. तिच्याकडे स्मरणरंजनाच्या चष्म्यातून पाहून हळहळणे हे बाहेरच्याला शोभते, राहणाऱ्याला नाही.

पण चार मजली चाळीतील एका मजल्यावरची वीस कुटुंबे एका गॅलरीत येत-जात होती. चाळीस मजली मनोऱ्यात तीच कुटुंबे निरनिराळ्या मजल्यांवर विखुरली की गणपतीची वर्गणी, मयताची खबर, आजाऱ्याला दवाखान्यात नेणारे चार हात यांची व्यवस्था कोणत्या जागेतून चालेल, हा प्रश्न खुला आहे. लिफ्ट बंद पडली तर चाळिसाव्या मजल्यावरील आजी काय करील, हाही आहे. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च चाळीत नव्हता. मनोऱ्यात तो दरमहा असणार, आणि गिरणी बंद झाल्यावर तुटपुंज्या कमाईवर जगलेल्या कुटुंबांना तो पेलवला नाही तर घर विकून बदलापूर-विरार गाठण्याखेरीज पर्याय राहणार नाही. येथे सामायिक सुविधा ही चैनीची बाब उरत नाही. तिच्या देखभालीचा आकडा हाच घर टिकेल की नाही हे ठरवतो.

या वसाहतींत आणि खाजगी संकुलांतही सामायिक क्षेत्रे कागदोपत्री रहिवाशांच्या संस्थेकडे येण्यास वेळ लागतो. २०१६ च्या अधिनियमाच्या सतराव्या कलमाने खाजगी विकासकावर सामायिक क्षेत्रांचे हक्क संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन घातले आहे, आणि बाराव्या कलमाने जाहिरातीतील खोट्या विधानामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. म्हणजे तिसऱ्या संहितेला दुसऱ्या संहितेपुढे उभे करण्याची सोय आज वाचकाला आहे. करारनाम्याला जोडलेल्या सामायिक क्षेत्रांच्या परिशिष्टात तरणतलावाच्या खाली गच्ची, वाहनतळ आणि पहारेकऱ्याची खोली यांची नोंद आहे किंवा नाही, हे सही करण्यापूर्वी पाहता येते.